दारातलं पायपुसणं आणि आपले तीन ऋतू

घर सजवायचं म्हटलं की आपण पडद्यांपासून सुरुवात करतो. मग सोफ्याची कव्हरं, भिंतीवरचं चित्र, कोपऱ्यातली कुंडी. पायपुसण्याची आठवण सगळ्यात शेवटी येते, आणि तीही बाजारातून परतताना रस्त्याकडेला ढीग दिसला तर. 'द्या हो त्यातलं एक' म्हणून उचलायचं, दारात टाकायचं, वर्षभर त्यावर पाय पुसायचे आणि विरलं की मोरीत न्यायचं. एवढाच त्याचा मान.

आमच्या बेळगावात मात्र हे फार काळ चालत नाही. एक तर इथला पाऊस. मुंबईसारखा कोसळून मोकळा होणारा नव्हे, तर जून-जुलैत लागला की दिवसेंदिवस भुरभुरणारा. दुसरं म्हणजे माती. जिल्ह्याच्या पश्चिमेला खानापूरकडे तांबडी माती आणि पूर्वेला बैलहोंगल-गोकाककडे काळी. आमचे अर्धे नातेवाईक इकडचे, अर्धे तिकडचे. लग्नकार्याच्या दिवसांत दारातलं पायपुसणं बघून कोणत्या बाजूचे पाहुणे आधी आले ते सांगता येतं.

आमच्या आजेसासूबाईंच्या काळात पायपुसणं ही वस्तूच घरात नव्हती. सोप्यातली जमीन सारवलेली, दाराबाहेर एक पसरट दगड आणि त्याच्याशेजारी पाण्याची बादली, तांब्या. शेतातून, बाजारातून आलेला माणूस आधी पायावर पाणी घ्यायचा. पाहुणा असला तर घरातलं कुणीतरी पाणी द्यायचं. मग एखादं गोणपाट किंवा जुन्या धोतराचा तुकडा. पुढे शहाबादी फरशी आली, मग मोझॅक, मग गुळगुळीत टाइल्स. चपला-बूट सगळ्यांच्याच पायांत आले, दाराबाहेरचं पाणी न्हाणीघरात गेलं आणि त्या दगडाची जागा पायपुसण्याने घेतली. म्हणजे आपण ज्याला शोभेची वस्तू समजतो, ती खरं तर एका जुन्या रीतीची बदली कामगार आहे. काम तेच, बाहेरचं बाहेर ठेवण्याचं.

हे सगळं मी इतकं बारकाईने का बघायला लागले, ते सांगते. मागच्या उन्हाळ्यात आमच्या सासूबाई न्हाणीत घसरल्या. वय ८१. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मृगाच्या तोंडावर त्या वॉकर घेऊन घरी आल्या. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. पहिल्याच दिवशी तिने घरभर नजर फिरवली आणि म्हणाली, "काकू, ही सगळी सुटी पायपुसणी आधी उचला. वॉकरचा पाय कडेला अडकतो. शिवाय आजी आता पाऊल उचलत नाहीत, सरकवतात. अर्धा इंच उंचवटासुद्धा पुरतो पडायला."

ह्यांनी दहा मिनिटांत सगळी पायपुसणी गोळा केली. दारातलं एक, देवघरापुढचं, स्वयंपाकघराच्या दोन्ही तोंडांना, न्हाणीबाहेरचं, जिन्याखालचं. एकूण नऊ निघाली. आठवड्याभरात पाऊस लागला आणि खरी अडचण तेव्हा कळली. पोरं शाळेतून येणार, दूधवाला येणार, छत्र्या ठिबकणार. दारापासून सोप्यापर्यंत ओल्या पावलांची रांग. गुळगुळीत टाइल्सवर पाण्याचा एक थेंबसुद्धा वॉकरच्या रबरी बुचाला धोक्याचाच. म्हणजे पायपुसणं ठेवावं तर अडखळण्याची भीती आणि न ठेवावं तर घसरण्याची.

सासूबाईंना तर ते ओकं दार बघवेना. "मी पडले न्हाणीत, शिक्षा दाराला कशाला?" असं त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज वेगळा होता. त्यांचं म्हणणं पायपुसण्यापुरतं नव्हतंच. आपल्यामुळे घराची घडी मोडतेय, हे त्यांना बोचत होतं.

तेव्हा आम्ही सगळे बसलो आणि दाराचा पहिल्यांदा नीट विचार केला. काय केलं ते क्रमाने लिहिते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या हीच वेळ येणार आहे.

पहिली गोष्ट, एक पायपुसणं दोन कामं करू शकत नाही. चिखल खरवडायला राठ पृष्ठभाग लागतो आणि ओल टिपायला मऊ. म्हणून बाहेर काथ्याचं आणि आत सुती किंवा मायक्रोफायबरचं, अशी जोडी हवी. त्यांची लांबी अशी असावी, की आत येणाऱ्याची दोन्ही पावलं त्यावर निदान दोनदोनदा टेकावीत. हातभर लांबीच्या तुकड्यावर माणूस एकच पाऊल ठेवतो आणि दुसरं तसंच आत येतं. रुंदीही जवळजवळ दाराएवढी असावी, नाहीतर लोक बाजूने जातात. पोरं तर हटकून बाजूनेच जातात.

दुसरी गोष्ट, जाडी. विकत घेण्याआधी दाराखालची फट मोजा. दार आत उघडत असेल आणि पायपुसणं फटीपेक्षा जाड असेल, तर दर वेळी दार त्याला ढकलणार, त्याची घडी पडणार आणि त्या घडीत पाय अडकणार. आमच्या दाराखाली जेमतेम एक सेंटिमीटर फट आहे. त्यामुळे आत पातळ, खाली रबर असलेलं पायपुसणं घेतलं आणि चारही कडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने फरशीला बसवल्या. ही पट्टी कायमची नसते. ओल लागली की सुटते, म्हणून पंधरा दिवसांनी कडा तपासायच्या. हे काम आमच्या धाकट्याकडे दिलंय.

तिसरी गोष्ट गवंड्याने केली. पडवीत, दाराच्या अगदी बाहेर, जुनी शहाबादी फरशी होती. तिथे काथ्याच्या पायपुसण्याच्या मापाचा चौकोन कापून त्याच्या जाडीएवढा खाच्या केला. पायपुसणं त्यात बसवलं की त्याचा माथा आणि फरशी एका पातळीत. वॉकरला कडच लागत नाही. खाच्याला बाहेरच्या बाजूने थोडा उतार आणि पाणी जायला एक भोक ठेवायला सांगितलं. ते नसतं, तर पावसाळ्यात तिथे तळंच झालं असतं. मोठ्या इमारतींच्या, हॉटेलांच्या दारात अशी खोलगट जागा तुम्ही पाहिली असेल. घरात ती कुणी करत नाही, पण खर्च फार येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या मुलीने सांगितली, ती मला अजून रोज आठवते. वय झालं की नजरेला खोली नीट कळत नाही. फिक्या फरशीवर गडद काळं पायपुसणं ठेवलं, तर काही म्हाताऱ्या माणसांना तो खड्डा वाटतो आणि ती ओलांडून जायला बघतात. फार नक्षी असली तरी गोंधळ होतो. म्हणून एकरंगी, फरशीहून वेगळं दिसणारं, पण काळंकुट्ट नसलेलं पायपुसणं बरं. तसंच, भोकाभोकांचं रबरी पायपुसणं चिखलाला उत्तम, पण घरात कुणी काठी वापरत असेल तर नको. काठीचं टोक नेमकं भोकात जातं.

आता काथ्याविषयी थोडं. हा काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचा धागा. पांढरा काथ्या करायला हिरव्या नारळाची सोडणं खाडीच्या, खाजणाच्या पाण्यात कित्येक महिने कुजत ठेवतात, मग बडवून धागा सोडवतात. इतके महिने पाण्यात राहूनही जो टिकतो तोच धागा उरतो. त्यात लिग्निन हा कठीण, लाकडात असतो तो घटक भरपूर असतो. म्हणून तागाचं गोणपाट एका पावसाळ्यात कुजतं आणि काथ्या टिकतो. केरळात अलप्पुळ्याला १८५९ साली जेम्स डॅरा या आयरिश वंशाच्या अमेरिकी माणसाने काथ्याच्या चटया-पायपुसण्यांचा पहिला कारखाना काढला आणि ही आपली गावठी वस्तू परदेशातल्या दारांत जाऊन पोहोचली. स्वातंत्र्यानंतर १९५३ च्या कायद्याने केंद्र सरकारने कॉयर बोर्ड स्थापन केलं. आज दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच काथ्याच्या पायपुसण्यांना खाली प्लास्टिकचा थर असतो. त्याने धागे गळत नाहीत, पण पाणी खाली अडकतं. पावसाळ्यात ते एकाच जागी पडून राहिलं, तर फरशीवर तपकिरी डाग उमटतो. दोन दिवसांआड उभं करून खालची फरशी पुसून घ्या.

आमच्याकडे पायपुसण्याचं वर्ष मृगापासून सुरू होतं. पावसाळ्यात एक नियम पाळायचा, आतलं पायपुसणं कधी एकच नसावं. तीन हवीत: एक दारात, एक दोरीवर, एक कोरडं घडी घालून तयार. ओलं पायपुसणं पाय पुसत नाही, उलट पाय ओले करतं. हात लावून बघायचं, गार-दमट लागलं की बदलायचं. इथल्या झडीत दोरीवर चार-चार दिवस वाळत नाही, म्हणून जाड झुबकेदार पायपुसणं पावसाळ्यात बाहेर काढूच नये. पातळ सुती पंख्याखाली एका रात्रीत वाळतं. कुबट वास यायला लागला तर समजायचं, बुरशीने घर केलंय. कोरड्यावर खायचा सोडा भुरभुरून तासभर ठेवायचं, झटकायचं, मग गरम पाण्यात धुवायचं. रबर असलेल्याला मात्र कोमटच पाणी, कडक गरम पाण्याने रबर तडकतं. आणि वास घालवायच्या नादात ब्लीचिंगचं पाणी आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

मातीच्या डागांचंही शास्त्र आहे. तांबड्या मातीचा तांबडेपणा लोहाच्या गंजाचा. ओली असताना घासली की ती धाग्यात आणखी मुरते. आधी वाळू द्यायची, झटकायची, मग गार पाण्याने धुवायची. तिच्यावर क्लोरीनचं ब्लीच टाकलं तर डाग जायच्या ऐवजी पक्का होतो. लिंबू चोळून थोडा वेळ ठेवलं तर फिका होतो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते, वाळली की आकसून तिला भेगा पडतात. म्हणून तिच्याशीही घाई नको. वाळून ढेकळं सुटली की काठीने बडवायचं, निम्मं काम तिथेच होतं. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांची दिशा बघून बडवायचं, हे सांगायला नको.

नवरात्राआधी घरातलं सगळं धुणं निघतं, गोधड्यांपासून पडद्यांपर्यंत. पायपुसण्यांनाही तेव्हाच मोठी आंघोळ. ऑक्टोबरचं ऊन त्यासाठीच असतं असं सासूबाई म्हणतात. कपड्यांबरोबर ती मशीनमध्ये टाकू नका, वेगळी धुवा आणि त्याआधी अंगणात झटकून घ्या, नाहीतर वाळू मशीनमध्ये जाते. काथ्याचं कधी भिजत घालायचं नाही. बडवायचं, ताठ ब्रशने घासायचं, लागलंच तर वरून पाणी मारून तिरकं उभं करायचं. दिवाळीत दारात रांगोळी येते, तेव्हा पायपुसणं बाजूला सरकवावं लागतं. आमच्याकडे आता ते सरकत नाही, खाच्यात बसलंय. म्हणून मुलीने रांगोळीच एका बाजूला, भिंतीलगत काढली. वॉकरच्या वाटेवर रांगोळीची भुकटी नको, हे तिचं तिलाच सुचलं.

थंडीत फरशी गार पडते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, त्यामुळे पहाटे टाइल्सवर अनवाणी पाय टेकवत नाही. इथे जाड सुती पायपुसण्यांचे दिवस. हवा कोरडी, त्यामुळे चिखल नाही, पण बारीक धूळ धाग्यांत बसते आणि ती दिसत नाही. आठवड्यातून दोनदा झटकलं नाही, तर पायपुसणंच धूळ वाटायला लागतं. उन्हाळ्यात वारा सुटतो, धूळ आणखी वाढते. रबर उन्हात ठेवू नका, कडक होऊन त्याचे तुकडे पडतात आणि एकदा का खालची पकड गेली की ते पायपुसणं वरून कितीही नवं दिसो, टाकून द्यायचं. एप्रिल-मेमध्ये एखाद्या संध्याकाळी वळीव येतो आणि अर्ध्या तासात दारात चिखल करून जातो. म्हणून पावसाळी जोडी माळ्यावर टाकायची घाई नको.

हे झालं आमच्या गावाचं. गोव्यात राहणाऱ्यांचा पावसाळा आमच्याहून मोठा आणि हवा बारा महिने दमट, तिथे आत सुतीपेक्षा लवकर वाळणारं बरं. माझी नणंद बडोद्याला असते. तिच्याकडे चिखलाचे दिवस थोडे आणि धुळीचे महिने जास्त, म्हणून ती बाहेर काथ्या मोठा ठेवते आणि आतलं लहान. इंदूरकडची मंडळी काळ्या मातीची आणि कडक उन्हाची जोडी ओळखून असतील. दुकानदाराला काय विचारायचं, ते आधी आपल्या मातीला आणि हवेला विचारावं.

आता त्या उचललेल्या नऊ पायपुसण्यांकडे येते. त्यातली सहा सासूबाईंनी स्वतः केलेली. जुन्या सुती इरकली साड्यांच्या पट्ट्या फाडून, त्यांची वेणी घालून, वेणी गोल गोल शिवत नेलेली. त्यांच्या लहानपणी शहापूर-वडगावात घरोघरी माग होते. धाग्याचा तुकडाही वाया जाऊ द्यायचा नाही, हे त्यांच्या हातात मुरलंय. त्यांचा एक नियम होता. साडीचं अंग पायपुसण्याला, पण पदर कधीच नाही. पदर बाळाच्या दुपट्याला किंवा देवाच्या आसनाला. दुसरा नियम अक्षरांचा. एकदा मुलाने हौसेने 'सुस्वागतम' लिहिलेलं पायपुसणं आणलं. त्यांनी ते उलटं करून टाकलं. अक्षरावर पाय द्यायचा नाही, मग ते कोणत्याही भाषेतलं असो. उलट्या बाजूचं रबर वर आलं आणि पोरं त्यावर चिकटल्यासारखी चालायला लागली. शेवटी ते पायपुसणं सायकलखाली गेलं.

ही सहा पायपुसणी सुटी, हलकी, खाली पकड नसलेली. ती आता दारात नकोत, हे त्यांनाही पटलं होतं, पण टाकवत नव्हती. महिनाभर ती कपाटावर पडून होती. मग एका दुपारी त्यांनी ती मागवून घेतली, मांडीवर घेऊन एकेक उलगडली. कोणती पट्टी कोणत्या साडीची ते सांगत होत्या. ही धारवाडहून आणलेली, ही नणंदेच्या बारशाची, ही ह्यांचे वडील गेले त्या वर्षीची. मग म्हणाल्या, "धुवून आण. बसकरं होतील." दोन वेण्या सोडवून त्यांनी आकार बदलला, जाडी वाढवली. आज आमच्या जेवणाच्या खुर्च्यांवर ती आहेत. एक त्यांच्या स्वतःच्या खुर्चीवर, जी आता दारापाशी असते. तिथे बसून त्या येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय बघतात. "पुसलंस काय नीट? दुसरा पाय कुठं राहिला?" दूधवाल्यापासून जावयापर्यंत कुणाची सुटका नाही. ओली पावलं कमी झाली, त्यात पायपुसण्याइतकाच त्यांचाही वाटा आहे.

अजून सगळं सोपं झालेलं नाही. न्हाणीबाहेरचा प्रश्न वेगळा आहे, तिथे ओल सततची. तिथे आम्ही भिंतीला दांडी बसवली आणि पायपुसण्याऐवजी खाली पकड असलेली पातळ चटई ठेवली, जी वापरल्यावर लगेच उचलून वाळत घालतो. रात्री त्या उठल्या, तर पायाखाली दिसावं म्हणून एक छोटा दिवा रात्रभर चालू असतो. त्यांना एकटीने न्हाणीत जायचंय आणि आम्हाला झोप लागायला हवी. दोन्ही गोष्टी जुळवणं चालू आहे.

तुमच्यापैकी बरेच जण शिक्षण-नोकरीसाठी पुणे, बंगळूर, हैदराबादेत फ्लॅटमध्ये राहता. तुमच्या दाराबाहेर पडवी नाही, सामाईक पॅसेज आहे. तिथे मोठं पायपुसणं सोसायटीला चालत नाही आणि लहान ठेवलं तर कुणाच्या तरी पायाने जिन्यापर्यंत पोहोचतं. मग निदान आतल्या बाजूला एक नीट बसवलेलं ठेवा आणि बूट काढायला एक स्टूल. वाकून, एका पायावर उभं राहून बूट काढणं तुम्हाला आज जमतं, पण आई-बाबा राहायला येतील तेव्हा त्यांना जमेलच असं नाही.

आणि पुढच्या वेळी गणपतीला किंवा दिवाळीला घरी जाल, तेव्हा एक काम करा. बॅग ठेवायच्या आधी दारात उभं राहून पायाने पायपुसणं सरकवून बघा. सरकलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात जा. मिठाईच्या पुड्याबरोबर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणि मोजपट्टी घेऊन या. कडा बसवताना आजी नको नको म्हणेल, तरी तिला जवळ खुर्चीवर बसवा आणि कुठे काय हवं ते तिलाच विचारा. दार तिचं आहे.